बॅटरी जोडताच गाडीचा अलार्म का ओरडतो

प्रश्न बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका सेवानिवृत्त गृहस्थांचा आहे. ते आणि त्यांच्या पत्नी पावसाळ्याचे तीन महिने पुण्याला मुलाकडे होते. निघताना बॅटरी उतरू नये म्हणून त्यांनी शेजारच्या मुलाकडून बॅटरीची काळी वायर काढवून घेतली. परत आल्यावर ती जोडताच हूटर सुरू झाला, चारही इंडिकेटर उघडझाप करू लागले, रिमोटची सगळी बटणे दाबून झाली तरी आवाज थांबेना. ऐन वामकुक्षीच्या वेळी सगळा वाडा गॅलरीत गोळा झाल्यामुळे त्यांनी वायर घाईघाईने पुन्हा काढली. गाडी २०१३ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि अलार्म मूळ कंपनीचा नसून गाडी घेतल्यानंतरच्या वर्षी ॲक्सेसरीच्या दुकानात बसवून घेतलेला आहे. एका कारागिराने ‘अलार्मचा डबा गेला, नवा टाका’ असे सांगितले आहे. तो खरोखरच बदलावा लागेल का, आणि नसेल तर गाडी सुरू कशी करावी, असे ते विचारतात.

डबा, म्हणजे अलार्म चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, बहुधा शाबूत आहे. गेली २६ वर्षे मी प्रतापनगर भागात गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आणि बॅटरी जोडल्यावर ओरडणाऱ्या ज्या गाड्या माझ्याकडे आल्या, त्यांपैकी फारच थोड्यांचा डबा मला बदलावा लागला. उलट ‘डबा गेला’ म्हणून कोणीतरी आधीच वायरी कापून ठेवलेल्या गाड्या दुरुस्त करण्यात माझे कितीतरी दिवस गेले. तेव्हा आधी हूटर का वाजतो ते समजून घ्यावे, म्हणजे पाना कोठे लावायचा आणि कोठे लावायचा नाही हे आपोआप कळेल.

अलार्म ज्या अवस्थेत झोपला, त्याच अवस्थेत तो जागा होतो. त्याच्या डब्यात एक छोटी स्मृती असते आणि वीज गेली तरी ती पुसली जात नाही. हे मुद्दाम केलेले आहे. चोराने बॉनेट उचकटून बॅटरीची वायर काढली आणि पुन्हा जोडली, एवढ्याने अलार्म सगळे विसरून गप्प बसला असता, तर तो बसवून उपयोग काय? म्हणून वीज परत येताच डबा आधी पाहतो की आपण शेवटी पहाऱ्यावर होतो की सुटीवर. पहाऱ्यावर असेल, तर तो पुन्हा पहाऱ्यावर उभा राहतो आणि पाहतो तर काय, बॉनेट उघडे! बॅटरी बॉनेटखालीच असल्यामुळे वायर जोडताना ते उघडे असणारच, पण हे डब्याला कोण सांगणार. काही स्वस्त डबे तर शेवटची अवस्था न पाहता वीज येताच सरळ पहाऱ्याच्या अवस्थेतच उठतात.

आपल्याकडे काय घडले असावे याचा अंदाज मी असा करतो. निघण्याच्या दिवशी आपण आत बसून बॉनेटचा खटका ओढला, बाहेर आलात, दार लावले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने रिमोट दाबून गाडी कुलूपबंद केली. त्यानंतर त्या मुलाने वायर काढली. बॉनेट उघडे असताना रिमोट दाबला तर बरेच अलार्म एक वेगळा ‘टूं’ करून ती जागा तेवढी सोडून देतात आणि बाकीच्या गाडीवर पहारा लावतात. त्यामुळे त्या दिवशी काहीच वावगे वाटले नाही. तीन महिन्यांनी वीज आली तेव्हा पहारा आठवला, पण बॉनेटला दिलेली सूट आठवली नाही.

आता प्रश्न उरतो तो रिमोटने का ऐकले नाही हा, आणि खरी मेख येथेच आहे.

पहिला संशय रिमोटमधील सेलवर घ्यावा. बाजारात बसवलेल्या त्या काळच्या बऱ्याच अलार्मच्या रिमोटमध्ये करंगळीच्या पेरापेक्षाही लहान असा १२ व्होल्टचा सेल असतो. त्यावर ‘२३ए’ किंवा ‘२७ए’ असे लिहिलेले असते. दोन्ही दिसायला सारखे, पण एक जाड आणि एक बारीक, म्हणून जुना सेल खिशात घालूनच दुकानात जावे. कंपनीच्या रिमोटमध्ये बहुधा चपटा बटन सेल असतो, उदाहरणार्थ ३ व्होल्टचा ‘सीआर २०३२’, ज्याचा व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर असते. तो क्रमांक म्हणजे त्याचे मापच होय. बटण दाबल्यावर रिमोटचा लाल दिवा लागतो म्हणून सेल चांगला आहे असे बहुतेक जण समजतात. दिवा लागायला फार थोडी ताकद पुरते, संदेश गाडीपर्यंत पोहोचवायला जास्त लागते. माझ्या अनुभवात १२ व्होल्टचा सेल ११ व्होल्टच्या खाली आला की रिमोट खिडकीपाशी नेल्याशिवाय चालत नाही. सेल बदलताना आतील पितळी पट्टीवर हिरवट डाग दिसला तर खोडरबराने हलकेच घासून काढावा. दुसरा रिमोट कपाटात पडून असेल तर त्याचा सेल हमखास गेलेला असतो, पण बटणे कमी झिजलेली असल्यामुळे नव्या सेलवर तोच अधिक चांगला चालतो.

दुसरा संशय गाडीच्या बॅटरीवर, आणि माझ्या मते आपल्या बाबतीत हाच अधिक बळकट आहे. हूटर, चार इंडिकेटर आणि दारांची कुलपे यांना डबा एकदम वीज देतो. बॅटरी अर्धमेली असेल तर त्या ओझ्याने तिचा विजेचा दाब (व्होल्टेज) इतका खाली जातो की डबा क्षणभर बंद पडतो. ओझे उतरते, दाब पुन्हा चढतो, डबा पुन्हा जागा होतो, पहारा आठवतो आणि पुन्हा ओरडतो. हे चक्र सेकंदात एकदोनदा फिरत असताना आपण रिमोट दाबता, आणि नेमका त्याच क्षणी डबा डोळे चोळत असतो. हे ओळखण्याची खूण कानाला कळते : इंडिकेटर लागला की हूटरचा सूर खाली बसतो, विझला की वर चढतो, थकलेल्या गवयाने सम गाठावी तसा. सूर एकसारखा ठणठणीत असेल तर बॅटरी ठीक आहे आणि दोष दुसरीकडे आहे. आपण वायर काढण्यापूर्वी हे ऐकले असल्यास आठवून पाहावे.

वायर काढून ठेवली होती म्हणजे बॅटरी भरलेली राहिली असे नसते. शिसे-आम्लाची बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते, उष्णतेत अधिक वेगाने उतरते, आणि जुनी असेल तर आणखी लवकर. म्हणून वायर जोडण्याआधी मल्टिमीटर लावून दाब पाहावा. साधा मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो आणि घरात असावाच असे माझे मत आहे. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्ट किंवा अधिक दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण; १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. १२ च्या खाली गेली असेल तर ती न जोडता चार्जिंगला द्यावी. आपल्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपासची असेल. तिला साडेतीन अँपिअरच्या संथ धारेने आठ-दहा तास चार्ज करावे. दुकानदार ‘तासाभरात देतो’ म्हणाला तर नको म्हणावे, कारण घाईच्या चार्जिंगने बॅटरीतील पत्रे तापतात. चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे ते काम उघड्या जागी व्हावे आणि जवळ ठिणगी किंवा उदबत्तीसुद्धा नसावी. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी पाहून केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे.

चार्ज होऊन आलेली बॅटरी एक रात्र तशीच ठेवून सकाळी पुन्हा मोजावी. रात्रीतून १२.६ वरून १२.२ वर आली तर तिचे आयुष्य सरले आहे; अशा बॅटरीवर अलार्मशी कितीही झगडलात तरी व्यर्थ आहे.

आता जोडणीकडे वळू. हे काम दोघांनी करावे, आणि दुपारी किंवा रात्री करू नये. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत हॉर्न वाजवण्यास ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीच मनाई आहे. शिवाय शेजाऱ्यांशी एकदा बिघडले की ते कोणत्याही पान्याने जुळत नाही. सकाळी दहाची वेळ मला सोयीची वाटते.

सुरुवातीला टर्मिनल स्वच्छ करावेत. आपल्याकडे तीन पावसाळी महिने वायर मोकळी लटकत होती, त्यामुळे तिच्या टोकाच्या शिशाच्या कडीवर पांढरा-हिरवा क्षार जमला असणार. खाण्याचा सोडा घातलेले गरम पाणी जुन्या दातब्रशने लावून तो काढावा, पाणी बॅटरीच्या छिद्रांत जाणार नाही याची काळजी घ्यावी, कोरडे करून आतील बाजू चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासावी. ही बारीकसारीक वाटणारी गोष्ट अलार्मच्या बाबतीत मोठी ठरते. मळकट कडी बॅटरीच्या खांबावर टेकवताना वीज येते-जाते-येते, अर्ध्या सेकंदात पाच-सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी डब्याला वाटते की कोणीतरी बॅटरीशी खेळत आहे. कडी स्वच्छ असेल, थोडी फाकवून घेतली असेल, तर ती एकाच दाबात खांबावर पूर्ण बसते. मग लगेच १० नंबरच्या पान्याने नट आवळावा. हाताने हलवून पाहिल्यावर ती तिळभरही फिरता कामा नये. नंतर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा.

लाल आणि काळी दोन्ही वायरी काढलेल्या असतील तर आधी लाल जोडावी आणि काळी शेवटी. काढताना याच्या उलट, आधी काळी. काळी जोडलेली असताना लालवर काम करणाऱ्याचा पाना चुकून पत्र्याला लागला तर थेट शॉर्ट होतो आणि पाना वितळेल इतकी ठिणगी उडते. मी माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एका पान्याची अशी फुले झालेली पाहिली आहेत.

काळी वायर टेकवण्यापूर्वी आतील छताचा दिवा बंद करावा, रेडिओ, पंखा, हेडलाइट यांचे खटके बंद असल्याची खात्री करावी, चारही दारे आणि डिकी नीट लावावी, इग्निशन बंद ठेवावे. किल्ल्या आणि रिमोट दुसऱ्या माणसाच्या हातात असाव्यात, गाडीत नव्हे. याविषयी मी जरा जास्त बोलतो, त्याला कारण आहे. वीज येताच डबा पुष्कळदा कुलपांना एक ठोका देतो, आणि ‘खट्’ करून चारही दारे बंद होतात. पंधराएक वर्षांपूर्वी मी स्वतः एका ग्राहकाच्या गाडीची किल्ली चालकाच्या आसनावर ठेवून बॅटरी जोडली. दारे बंद झाली, हूटर सुरू झाला, किल्ली आणि रिमोट काचेपलीकडे दिसत होते. दुसरी किल्ली भरूचला, जवळजवळ ७० किलोमीटरवर. तो ग्राहक सज्जन होता, बसने जाऊन ती घेऊन आला, आणि संध्याकाळी मी त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून किल्ली खिशात असल्याशिवाय मी नटाला हात लावत नाही.

काळी वायर बसली, नट आवळला, की दुसऱ्या माणसाने चालकाच्या दाराशी उभे राहून रिमोटचे ‘उघडा’ हे बटण एकदा सावकाश दाबावे, तीन सेकंद थांबून पुन्हा दाबावे. भराभर दाबू नये. या रिमोटचा संदेश दर वेळी बदलतो, जेणेकरून कोणी तो हवेतून टिपून पुन्हा वापरू नये. रिमोट गाडीपासून दूर असताना बऱ्याचदा दाबला गेला असेल, म्हणजे खिशात, उशीखाली किंवा नातवंडांच्या हातात, तर डबा थोडा मागे राहतो. लागोपाठचे दोन स्पष्ट संदेश मिळाले की बहुतेक डबे स्वतःहून जुळवून घेतात. हूटर थांबला तर सगळे संपले : बॉनेट लावून, दार उघडून, गाडी सुरू करून पाहावी.

थांबला नाही, तर दार किल्लीने उघडून, आत बसून, किल्ली ‘ऑन’ वर फिरवावी, सेल्फ मारू नये, आणि व्हॅले स्विच शोधावा. बाजारी अलार्म बसवणारा हा लहानसा दाबणीचा किंवा खटक्याचा स्विच लपवून ठेवतो : स्टिअरिंगखालच्या झाकणाच्या काठाला, फ्यूजच्या डब्याशेजारी, कधी हातमोज्यांच्या कप्प्याच्या मागे. रिमोट हरवला तर अलार्म गप्प करण्यासाठीच तो असतो. किती वेळा दाबायचा आणि किती वेळ धरायचा हे प्रत्येक बनावटीत वेगळे असते. अलार्मसोबत मिळालेला कागद आपल्या पिढीने नक्कीच गाडीच्या फाइलमध्ये जपून ठेवला असेल, तो काढावा. कागद मिळाला नाही तर किल्ली ‘ऑन’ करून दहा सेकंदांच्या आत स्विच एकदा दाबून सोडावा, नाही जमले तर तीन-चार सेकंद धरून पाहावा. बऱ्याच डब्यांना यांपैकी एक लागू पडते. याच वेळी रिमोट डॅशबोर्डच्या अगदी जवळ धरून दाबून पाहावा, कारण डब्याची ॲन्टेना म्हणजे एक वीतभर काळी वायर, ती तेथेच कोठेतरी मुडपून कोंबलेली असते.

इतके करूनही आवाज चालूच राहिला तर काळी वायर काढण्यापेक्षा हूटरचा सॉकेट काढावा. बॉनेटखाली, इंजिन आणि आतील भाग यांमधल्या पत्र्याच्या भिंतीवर किंवा हेडलाइटच्या मागे काळा कर्ण्यासारखा हूटर दिसेल. त्याच्या दोनच वायरी असतात. त्या वेगळ्या करून टोकांना टेप गुंडाळावी. अलार्म तसाच पहाऱ्यावर राहतो, पण घसा बंद होतो आणि आपल्याला शांतपणे विचार करता येतो. काही हूटरना स्वतःची छोटी बॅटरी असते आणि गाडीची वायर काढली तरी ते वाजतच राहतात. अशा बाजारी हूटरच्या मागे बहुधा एक बारीक चावी लावण्याची जागा असते. आपला हूटर वायर काढताच गप्प झाला, म्हणजे तो साधा आहे.

नंतर बॉनेटचा पिन-स्विच पाहावा. बॉनेटच्या काठाखाली, पत्र्याच्या पन्हाळीत, पेन्सिलीएवढी एक दांडी वर आलेली दिसेल, तिच्यावर रबरी टोपी असते. बॉनेट लावले की ती दबते, उघडले की वर येऊन तिची वायर गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थिंगला जोडते. नेमक्या याच पन्हाळीतून पावसाचे पाणी वाहते. टोपी तडकली की आत गंज चढतो आणि दांडी दाबलेलीच राहते किंवा दबली तरी आतून जोडलेलीच राहते. अंगठ्याने दाबून सोडावी. ती झटक्यात वर यायला हवी. अडकत असेल तर गंज सोडवणारा तेलाचा फवारा मारून पाच-पंचवीस वेळा दाबावी. मल्टिमीटरचे एक टोक तिच्या वायरीला आणि एक पत्र्याला लावले तर दाबलेली असताना ‘बीप’ येता कामा नये. येत असेल तर बॉनेट कितीही नीट लावले तरी डब्याला ते उघडेच दिसणार. तात्पुरते म्हणून ती वायर काढून टेप लावली तरी चालते. नवा पिन-स्विच अगदी स्वस्त असतो, आणि ‘डबा गेला’ म्हणून आलेल्या गाड्यांत सगळ्यांत जास्त वेळा मी हीच वस्तू बदलली आहे.

दारांच्या स्विचची तपासणी सोपी आहे. छताचा दिवा ‘दार’ या खुणेवर ठेवून चारही दारे लावावीत. दिवा विझला नाही तर एखाद्या दाराचा स्विच अडकला आहे. धक्क्याने वाजणारा सेन्सर फार संवेदनशील ठेवलेला असेल तर उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, गच्चीवरून पडलेली मांज्याची फिरकीसुद्धा त्याला पुरते. त्याच्यावरचा बारीक स्क्रू थोडा उलटा फिरवावा.

आणि उंदीर. तीन महिने न हललेली गाडी, जुना वाडा, पावसाळा. इंजिनच्या उबदार नसलेल्या पण कोरड्या कोपऱ्यात त्यांनी संसार थाटला नसेल तर आश्चर्य. बॅटरीखालचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा आणि हूटरच्या वायरी टॉर्च घेऊन पाहाव्यात. सोललेली तांब्याची तार पत्र्याला लागली की अलार्मला दार उघडल्याचा भास होतो.

हूटर गप्प झाला पण गाडी सुरू होत नाही, असेही होऊ शकते, आणि तेथे घाबरून जाऊ नये. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डचे दिवे मंदावतात आणि ‘टक्-टक्’ होते, तर बॅटरी किंवा टर्मिनल. दिवे ठणठणीत राहतात पण सेल्फ अजिबात फिरत नाही, तर अलार्मचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका. बाजारी अलार्म बसवताना सेल्फची वायर मधोमध कापून त्या रिलेतून नेलेली असते आणि पहारा उठला नसेल तर तो रिले वीज पुढे जाऊ देत नाही. सेल्फ फिरतो पण इंजिन धरत नाही, किंवा धरून दोन सेकंदांत बंद पडते आणि डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकतो, तर तो कंपनीचा इमोबिलायझर आहे. त्याला किल्लीच्या मुठीतील चिप वाचता आलेली नाही. किल्लीच्या जुडग्यातील दुसऱ्या किल्ल्या आणि धातूचे छल्ले दूर करून मूळ किल्लीने पुन्हा प्रयत्न करावा. ज्यांच्या गाडीला बटण दाबून सुरू करण्याची सोय आहे, त्यांनी रिमोटचा सेल संपलेला असल्यास रिमोट त्या बटणाला टेकवून धरावा. पुष्कळ गाड्यांत सेलशिवायही चिप तेवढ्या अंतरावरून वाचली जाते.

त्या रिलेमुळेच मी कळकळीने सांगतो की स्टिअरिंगखालच्या वायरी कोणालाही कापू देऊ नयेत. अलार्मची एक लाल वायर कापली की आवाज थांबतो हे खरे, पण त्याच क्षणी रिलेही मरतो आणि गाडी जागची हलत नाही. मग तिला ओढून न्यावे लागते. तेथेच पिवळ्या नळीतून जाणाऱ्या किंवा पिवळ्या सॉकेटच्या वायरी असतील तर त्या एअरबॅगच्या आहेत. त्यांच्याजवळ टेस्ट लॅम्पसुद्धा नेऊ नये. अलार्म खरोखरच काढून टाकायचा असेल, आणि ११-१२ वर्षे जुन्या बाजारी अलार्मबाबत तो निर्णय मला वावगा वाटत नाही, तर सेल्फची कापलेली वायर मूळ जागी रेवण (सोल्डर) लावून जोडणाऱ्या, हाताने पीळ देऊन टेप न गुंडाळणाऱ्या माणसाकडूनच काढवावा.

डबा केव्हा बदलावा? बॅटरी भरलेली आहे, रिमोटला नवा सेल आहे, पिन-स्विच आणि दारे बरोबर आहेत, अलार्मच्या वायरीवरचा फ्यूज शाबूत आहे, आणि तरीही डॅशबोर्डवरचा लुकलुकणारा दिवा लागतच नाही किंवा दोन्ही रिमोटना प्रतिसाद शून्य आहे, तेव्हा. पाणी शिरलेल्या गाडीतही डबा जातो. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले तेव्हा अशा गाड्यांची रांग लागली होती. ज्यांनी गाडी वाळण्याची वाट न पाहता बॅटरी जोडून ‘बघू चालते का’ म्हटले, त्यांचे डबे ओल्या वायरिंगमुळे जागीच गेले. ज्यांनी पाणी ओसरल्यावर आसने काढून, सॉकेट उघडून, आठवडाभर वाळवून मग जोडले, त्यांतील बरेच वाचले.

ज्यांचा अलार्म कंपनीचा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द पुरतील. तेथे व्हॅले स्विच नसतो. रिमोटने थांबला नाही तर चिपची मूळ किल्ली लावून ‘ऑन’ वर फिरवली की तो बहुधा थांबतो. दार नुसत्या किल्लीने उघडले तर काही गाड्या उलट वाजू लागतात, कारण कुलूप उचकटणाराही तेच करतो. तेव्हा दचकू नये, किल्ली सरळ इग्निशनमध्ये लावावी.

गाडी सुरू झाल्यावर घड्याळ बारावर गेलेले असेल, रेडिओ कोड मागेल, इंजिन पहिले काही मिनिटे थोडे वर-खाली चालेल. हे सगळे नेहमीचे आहे. काच एका झटक्यात वर जात नसेल तर ती पूर्ण वर नेऊन बटण चार-पाच सेकंद धरून ठेवावे. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे दिसले तर अल्टरनेटर आपले काम करतो आहे. पहिल्या दिवशी गाडी निदान पाऊण तास रस्त्यावर चालवावी, वाड्यात उभी ठेवून घुमवू नये.

पुढच्या वेळी पुण्याला जाताना बॅटरीची वायर काढण्याचा आपला विचार योग्यच आहे. गाडी आणि बाजारी अलार्म मिळून उभ्या उभ्या ४०-५० मिलिअँपिअर खातात. ४५ धरले तर दिवसाला एक अँपिअर-तासाहून थोडे अधिक, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिनाभरात रिकामी. फक्त क्रम बदलावा. रिमोटने गाडी उघडावी, किल्ली ‘ऑन’ करून व्हॅले स्विच दाबून अलार्मला सुटीवर पाठवावे, किल्ली काढून खिशात ठेवावी, बॉनेट उघडावे, दारे लावावीत पण रिमोट दाबू नये, आणि मग काळी वायर काढून तिला कापडी पिशवीत गुंडाळून खांबापासून दूर बांधावी. बॉनेट लावल्यावर बाकीची दारे आतील खटक्यांनी आणि चालकाचे दार किल्लीने बंद करावे. रिमोटमधील सेल काढून त्याच्याच शेजारी कागदात गुंडाळून ठेवावा, आणि व्हॅले स्विच कोठे आहे ते त्या कागदावर लिहावे.